दादाच्या गाडीचं पासिंग

४ सप्टेंबर

चि. भावजींस,

अनेक आशीर्वाद, आणि सोबत थोडा राग.

मागच्या पत्राला उत्तर नाही. म्हणजे एकतर तुमची बोट बुडाली किंवा तुम्ही आळशी झालात. बोट बुडाल्याचं पेपरात काही आलेलं नाही.

इकडचं सांगते. ह्यांना झटका येऊन परवा पाच महिने झाले. उजवा हात तसाच लोंबतो, पाय ओढत ओढत काठीने शेडपर्यंत जातात. बोलण्याचं म्हणाल तर एकच शब्द शिल्लक राहिलाय, 'पण'. चहा हवा असला तरी पण, नको असला तरी पण. आयुष्यभर मी ह्यांना म्हणत आले की प्रत्येक गोष्टीत तुमचं 'पण' मधे आणू नका, आणि आता तेवढंच उरलं. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाई म्हणतात की ह्यांना सगळं समजतं असं धरून चाला. धरून चाला म्हणजे नक्की किती समजतं, ते त्यांनाही सांगता येत नाही. आणखी एक, हे मधेच हसतात, मधेच रडतात. दूध उतू गेलं की हसतात आणि रेडिओवर हवामान लागलं की डोळे पुसतात. डॉक्टर म्हणतात, ते मनातलं नसतं, मेंदूचा ताबा सुटलाय.

आता मुद्द्याचं. तपासणी कचेरीचं एक पत्र झटक्याच्या आधीच येऊन पडलं होतं. परदेशातून आलेल्या, चाळीस वर्षांवरच्या सगळ्या मोटारसायकली नव्याने तपासून घ्यायच्या आहेत. २८ नोव्हेंबरपर्यंत पास झाली नाही तर कचेरीच्या वहीतून गाडीचं नाव कायमचं कमी. ह्यांनी त्या तारखेला तांबडा गोल करून ठेवला होता. आता रोज सकाळी कॅलेंडरपाशी जातात, गोलावर बोट ठेवतात आणि माझ्याकडे बघून 'पण' म्हणतात. दिवसभरात ह्यांना काय हवंय ते मला कळतं अशी ही एकच वेळ. म्हणून मी ठरवलंय, गाडी पास करायची.

दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं लोकांच्या तोंडातली थुंकी ओढणारी नळी धरण्यात गेली. पाना कधी हातात धरला नाही. तुम्हीच सांगा काय करू. त्यापेक्षा तुम्हीच या. हे ट्रेनिंगला गेले होते तेव्हा दोन महिने गाडी तुमच्यावर सोपवली होती, आणि धाकट्याने ठेवली तशी गाडी मलाही ठेवता येत नाही, हे आल्यागेल्या प्रत्येकाला सांगायचे.

लोभ आहेच, तो निदान पत्राला उत्तर देण्याइतका वाढवावा.

तुमची,
वहिनी

१३ सप्टेंबर

ती. सौ. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

बोट बुडालेली नाही, आळशी झालो हे खरं. पत्र वाचून दोन दिवस इंजिनरूममध्ये नुसता बसून राहिलो. दादा आणि एकच शब्द! मला शिव्या देताना तो एकदा दिलेली शिवी परत वापरत नसे.

यायचं म्हणाल तर अवघड आहे. माझा जोडीदार हर्नियाच्या ऑपरेशनला गेलाय. सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत दोन काठांमध्ये चौदा फेऱ्या, आणि हे इंजिन माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. कप्तान म्हणतो, तू गेलास तर लोक पोहत जातील.

खरं विचाराल तर या पासिंगच्या भानगडीत पडूच नका असं मला वाटतं. गाडी म्हातारी, दादाची ही अवस्था. चालवणार कोण? नाव कमी झालं तर झालं, गाडी काही घर सोडून जाणार नाही. शेडमध्ये पुसून ठेवा, दादा बघत बसेल. तुम्ही आधीच थकला आहात.

तरीही करायचंच असेल तर सांगतो. इन्स्पेक्टर आधी पुढचा-मागचा ब्रेक बघतो, मग हॉर्न, दिवे, ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो की नाही ते. चाक वर-खाली धरून हलवतो, खटखट वाजलं तर बेअरिंग गेलं. चेन मधोमध दाबली की अंगठ्याच्या पेराएवढी खाली जावी, जास्त नको. स्पोक एकही ढिला नको. आणि एक महत्त्वाचं, या गाडीला आपले नेहमीचे पाने लागत नाहीत. तिचं सगळं माप इंचात. ते पाने दादाच्या हिरव्या पत्र्याच्या डब्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेले असतील.

दादाला माझा नमस्कार सांगा. त्याला कळेल असं धरून सांगा.

कृपालोभाची वाढ करायला तुम्ही समर्थ आहातच.

आपला,
धाकटा

२७ सप्टेंबर

चि. भावजींस,

आशीर्वाद. राग अर्धा कमी केलाय.

तुमचं पत्र चार दिवस उशिरा पोचलं, तोवर मी नेहमीच्या पान्याने मागच्या ब्रेकच्या एका नटाच्या कडा झिजवून तो गोल करून ठेवला होता. मग डबा सापडला. नट काढायला शेवटी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे जावं लागलं. तो म्हणाला, ताई, गाडीला दात असते तर तुम्ही बरोब्बर काढले असते.

ब्रेकच्या शू मळ चढून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. घासून बसवल्या. पुढच्या ब्रेकची केबल टोकाशी उसवलेली, ती बदलली. केबल ओवताना पहिल्यांदा वाटलं की हे आपलं काम आहे. दाढेच्या मुळातली सुई ह्याहून बारीक असते.

आणि स्पोकचं ऐका. तुम्ही लिहिलंत ढिला नको, पण ढिला ओळखायचा कसा ते लिहिलं नाहीत. मी चाकाशी बसून एकेक हाताने ओढून बघत होते. हे स्टुलावर. ह्यांनी काठीच्या टोकाने माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर दाखवला, मग काठीनेच एका स्पोकवर टकटक केलं. तो टणकन वाजला. मग मी एकेक वाजवत गेले आणि हे डोळे मिटून ऐकत बसले. दहावा बारावा वाजला तसा डावा हात वर. मला काहीच फरक कळला नाही, पण हलवून पाहिला तर ढिला! चाळीस स्पोकांत असे पाच निघाले. ह्यांचा कान शाबूत आहे भावजी. सगळं चाक पुरं झालं तेव्हा मला बरं वाटलं, आणि उठून बघते तर हे रडत होते. आनंदाने की कशाने, ते ज्याचं त्याला माहीत. ह्यांनाही माहीत असेल की नाही कोण जाणे.

आता अडचण हेडलाइटची. वेल्डिंगवाला म्हणतो उजेड चुकीच्या बाजूला पडतो, ह्यावर नापास करतील. आणि कचेरीच्या पत्रात शेवटी लिहिलंय की इंजिनाचा नंबर आयातीच्या कागदाशी ताडून पाहतील. तो नंबर कुठे असतो?

गाडी दादाची आहे, शेडची शोभा नव्हे. पुन्हा 'भानगड' लिहू नका.

लोभ आहे, तूर्त तो पणाला लावू नये.

वहिनी

८ ऑक्टोबर

ती. सौ. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि. कान पकडतो, भानगड म्हणणार नाही.

स्पोकचं वाचून बोटीत एकटाच हसलो, आणि मग बराच वेळ हसू आलं नाही.

हेडलाइटची काच बदलायला हवी. जिथे ही गाडी बनली तिथे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतात, म्हणून खालचा उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. जुन्या गाड्यांच्या सामानवाल्याकडे सात इंची काच मागा, आपल्या बाजूची. नाहीच मिळाली तर काचेच्या ज्या भागातून उजेड वर चढतो तेवढ्यावर काळी टेप कापून लावा. काही इन्स्पेक्टर चालवून घेतात. स्पीडोमीटर मैलांत आहे, त्याच्या काचेवर किलोमीटरचे आकडे बारीक रंगवा. सायलेन्सरच्या जोडावर हात धरून बघा, हवा लागली तर आतलं वायसर गेलंय.

नंबराचं फार मनावर घेऊ नका. तो इंजिनाच्या डाव्या अंगाला, सिलिंडरच्या पायथ्याशी असतो, पण इतक्या वर्षांचा मळ आणि गंज, वाचता येणार नाही. घासायला जाऊ नका. अक्षरं उथळ असतात, घासून गेली तर उलट संशय येईल. आजवर कुठल्या इन्स्पेक्टरने वाकून पाहिलाय? कागद बघतात, शिक्का मारतात.

अजूनही वाटतं की ह्या वर्षी राहू द्यावं. पुढे मुदत वाढवतील. अशा मुदती नेहमी वाढतात.

जोडीदार अजून आलेला नाही.

आपल्या लोभात हा धाकटा नेहमीच होता, पुढेही ठेवाल ना?

धाकटा

२६ ऑक्टोबर

चि. भावजींस,

आशीर्वाद.

मुदत वाढणार नाही. मी कचेरीत जाऊन विचारून आले. खिडकीतली बाई म्हणाली, नंबर तर आम्ही सगळ्यात आधी बघतो, कारण चोरीचे सुटे भाग घालून जुन्या गाड्या फिरतात.

म्हणून मी नंबर साफ केला. घासला नाही हो, घाबरू नका. दवाखान्यातला जुना मऊ ब्रश, रॉकेल आणि दाढा बघायचा छोटा आरसा. तीन संध्याकाळी जमिनीवर आडवी पडून मळ काढला. आकडे दिसू लागले तेव्हा मी मोठ्याने ओरडले. मग कागदाशी ताडले आणि जुळेनात. वाटलं, आरशात उलटे दिसतात म्हणून माझा घोटाळा झाला. उलटे सुलटे करून पाहिले, तरी जुळेनात. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून दातांचा साचा घेतात ते गुलाबी पीठ आणलं. ते कालवून नंबरावर दाबलं, निघालेल्या साच्यात प्लास्टर ओतलं. आता स्वयंपाकघरातल्या फळीवर ह्यांच्या इंजिनाचा नंबर पांढरा स्वच्छ होऊन बसलाय, एखाद्या कवळीसारखा. सहा आकड्यांतले चार वेगळे आहेत.

आयातीचा कागद जुना आहे, तेव्हा टाइप करताना चूक झाली असेल का? की ह्यांना विकणाऱ्या त्या परदेशी इंजिनिअरनेच फसवलं? सव्वीस वर्षं हे ज्याची आठवण काढतात तो भला माणूस असा निघावा? मी ह्यांना साचा दाखवला नाही. दाखवून काय होणार? 'पण' म्हणतील, आणि त्या 'पण'चं मी काय करू?

भावजी, मी हे सगळं एकटीने केलंय आणि बाकीचं सगळं झालंय. काच मिळाली, ब्रेक घट्ट लागतो, मागचा लाल दिवा लागतो, हॉर्नने शेजारचं मूल रडलं. एका नंबरापाशी गाडी अडू नये. तुम्हाला काही माहीत असेल तर लगेच लिहा.

लोभ असतोच. उत्तर असावं.

वहिनी

५ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनी,

नमस्कार. रीतीप्रमाणे लिहायला आज हात होत नाही.

त्या परदेशी इंजिनिअरला बोल लावू नका. त्याने दिलेली गाडी अस्सल होती, त्याच नंबराची. इंजिन मी बदललं.

दादा ट्रेनिंगला गेला तेव्हा जाताना त्याने मला एवढंच सांगितलं होतं की दर रविवारी सुरू करून पाच मिनिटं चालू ठेव, रस्त्यावर काढू नकोस. पहिले तीन रविवार मी तसंच केलं. चौथ्या रविवारी मित्राला मागे बसवून लांब घेऊन गेलो. तेल बघितलं नाही. तेवीस वर्षांचा होतो, तेल बघण्याचं वय नव्हतं. चढावर इंजिनातून आधी खर्रकन आणि मग बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. आतला रॉड तुटून इंजिनाचं घर फोडून बाहेर आला होता. रस्ताभर तेल सांडत अकरा किलोमीटर ढकलत आणली. तुम्ही तेव्हा माहेरी होतात.

मित्राने भंगारवाल्यांकडे फिरून फिरून त्याच बनावटीच्या एका मोडक्या गाडीचं इंजिन शोधलं. ते आम्ही बसवलं, बाहेरून दादाच्या जुन्या इंजिनाचीच झाकणं लावली, पॉलिश केलं. नंबराला हात लावला नाही, त्यावर मळ थापला. दादाचं इंजिन त्याच भंगारवाल्याकडे तुकडे होऊन गेलं. त्याचं दुकानही आता नाही, मी मधे एकदा जाऊन पाहिलं होतं.

दादा आला. किक मारली. बराच वेळ मान कलती करून ऐकत उभा राहिला. मग गाडी बंद केली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, माझ्यापेक्षा चांगली ठेवलीस. त्याने तेव्हा थोबाडीत मारली असती तर मी इतक्या लांब बोटीवर नोकरी धरली नसती. दर सुट्टीत यायचो आणि तो पाहुण्यांना माझं कौतुक सांगायला लागला की मला कधी एकदा परत जातो असं व्हायचं.

त्याला सांगायचं ठरवून सोळा वर्षं झाली. आता सांगायची वेळ आली तर त्याला उत्तर देता येत नाही. जोडीदार कधीच कामावर परतलाय. तुम्हाला खोटं लिहिलं.

हे पत्र त्याला वाचून दाखवा किंवा जाळून टाका. मला दोन्ही सहन होणार नाही.

धाकटा

१५ नोव्हेंबर

भावजी,

पत्र मिळालं. दोन दिवस मी ते दवाखान्यातल्या एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. डॉक्टरांनी चिमटा मागितला तर मी आरसा दिला.

राग गाडीचा नाही. माणूस तेविसाव्या वर्षी चुकतो. राग सप्टेंबरपासूनच्या पत्रांचा आहे. मी नट गोल करून रडत बसले होते आणि तुम्ही मला नंबर घासू नका म्हणून शिकवत होतात. एका ओळीत खरं लिहिलं असतंत तर मी अडीच महिने ह्या माणसाला गोलाच्या आशेवर ठेवलं नसतं.

जाळलं नाही. काल दवाखान्याची सुट्टी होती. दुपारी शेडमध्ये ह्यांच्यासमोर बसून तुमचं पत्र सबंध वाचलं, एकही शब्द न गाळता. अकरा किलोमीटर ढकलली तिथे हे हसायला लागले. इतके हसले की लाळ गळाली, मी पुसली. पुढे पाठीवर हात ठेवला ते वाचलं तेव्हाही हसतच होते. संपवून घडी केली तर रडायला लागले, ते संध्याकाळपर्यंत अधूनमधून चालू होतं. मधे एकदा 'पण' म्हणाले, अगदी हळू. आणि जेवताना पुन्हा हसले, तेव्हा मी फक्त मीठ मागितलं होतं.

तेव्हा भावजी, दादांनी क्षमा केली की नाही, हे मला विचाराल तर मी काय सांगू? तेवीस वर्षांचा संसार आहे, ह्या माणसाच्या पाठमोऱ्या चालीवरून मला राग ओळखता यायचा. आता समोर बसूनही येत नाही.

गाडी मी २७ला नेणार आहे. तुमचं पत्रही सोबत नेणार. बघू, माणसं ऐकतात का.

वहिनी

२१ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींस,

साष्टांग नमस्कार, तो तुम्हाला नको असला तरी.

जे लिहिलंत ते सगळं मला लागू आहे, एकही शब्द जास्त नाही.

एकच विचारायचं होतं. अकरा किलोमीटरवर तो हसला ते पत्रातलं ऐकून की आधीच हसू सुरू झालं होतं? आणि 'पण' म्हणाला तेव्हा तो माझ्या पत्राकडे बघत होता की दुसरीकडे? वेड्यासारखं विचारतोय हे कळतं. काल फेरी चालू असताना इंजिनाचा आवाज ऐकत मी ह्याचाच हिशेब लावत बसलो आणि धक्का आल्याची घंटा ऐकली नाही. कप्तानाने वरून खाली येऊन जे काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

पासिंगला माझी सही, जबाब, काहीही लागलं तर मी देईन. चोरी म्हटली तरी माझ्या नावावर घाला.

धाकटा

२९ नोव्हेंबर

चि. भावजींस,

आशीर्वाद. राग आता उरला नाही, ठेवायला जागा नाही.

हसू आधी की नंतर ते मला आठवत नाही. मी कागदाकडे बघत होते.

परवा शेजारच्या फर्निचरवाल्याच्या टेम्पोतून गाडी नेली. हे पुढे बसले, धुतलेला शर्ट घालून. ह्यांची दाढी मी तीनदा केली, डाव्या गालावर एक केस राहू दिला नाही. इन्स्पेक्टर वयस्कर होते, सभ्य होते. ब्रेक पाहिला, दिवे पाहिले, चाक हलवलं. हेडलाइटपाशी थांबून म्हणाले की काच बदलायचं कुणाला सुचत नाही, तुम्हाला कसं सुचलं. स्पोकवर टिचकी मारली आणि मान हलवली. भावजी, तेवढा अर्धा तास मला असं वाटलं की मी दहावीला बोर्डात आलेय.

मग ते वाकले. टॉर्च लावला. कागद बघितला, पुन्हा वाकले.

मी त्यांना सगळं सांगितलं. तुमचं पत्र दाखवलं, त्यांनी दोन्ही पानं शांतपणे वाचली. म्हणाले की हे खरंच असणार, असं खोटं कुणी लिहीत नाही, पण पत्र हा पुरावा होत नाही. भंगारवाल्याची पावती हवी. ती नसेल तर मालकाने स्वतः सांगायला हवं की इंजिन बदललेलं मला मान्य आहे, मी त्याची जबाबदारी घेतो. मी म्हटलं, मालक बाहेर बसलेत.

ते स्वतः टेम्पोपाशी आले. ह्यांना मान देऊन, हळू बोलून विचारलं की तुमच्या भावाने इंजिन बदललं, ते तुम्हाला मान्य आहे का. हे म्हणाले, पण. इन्स्पेक्टर थांबले. त्यांना वाटलं पुढे काही येईल. त्यांनी विचारलं, पण काय? हे पुन्हा म्हणाले, पण. मग ते म्हणाले की नुसती मान हलवली तरी चालेल. ह्यांनी होकारार्थी हलवली, मग नकारार्थी हलवली, आणि हसायला लागले. कागद-पेन दिलं तर डाव्या हाताने एक रेघ ओढली, ती कागद सोडून टेम्पोच्या दारावर गेली. इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, बाई, जे कुणी बोललंच नाही ते मी कसं लिहू? मीही त्यांच्या जागी लिहिलं नसतं.

नाव कमी केलं. नंबराची पाटी तिथल्या तिथे काढून जमा करावी लागते. त्यांच्या शिपायाकडे इंचातला पाना नव्हता. माझ्या पर्समध्ये होता. तेव्हा ह्यांच्या गाडीची पाटी मीच काढून दिली, दोन नट आणि दोन वायसर परत मोजून घेतले, कशासाठी कोण जाणे.

येताना हे झोपले. मला वाटलं, संपलं, एक तरी ओझं उतरलं. आज सकाळी उठून पाहते तर पुन्हा कॅलेंडरपाशी उभे. गोलावर बोट, आणि माझ्याकडे तोंड. गोलाची तारीख काल गेली, हे मी कसं सांगू?

आता मला तुमच्या पत्रांचा उपयोग नाही भावजी. तुम्ही या. काय झालं ते त्यांच्यासमोर तुमच्या तोंडाने सांगा. क्षमा मिळेल असं मी म्हणत नाही. कळणारही नाही. तरी या. मी इथे एकटी ह्यांच्याकडे बघत बसते, निदान दोघं बघू.

वाट बघते.

वहिनी

१६ डिसेंबर

ती. सौ. वहिनींस,

शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तीन दिवसांच्या रजेचे पाच दिवस झाल्याबद्दल कप्तानाने काही म्हटलं नाही. इंजिन मात्र रुसलं आहे, तासाला धूर काढतं.

मी निघताना तुम्ही विचारलंत की शेडमध्ये काय झालं, मी असा वाकडा का उभा होतो. मी सांगितलं नाही, कारण स्टँडवर सांगण्यासारखं नव्हतं. लिहितो.

तुम्ही चहा ठेवायला आत गेलात, तेव्हा दादा स्टुलावर बसला होता, गाडीकडे तोंड करून. पाटी नसलेली गाडी बघवत नव्हती. येताना प्रवासभर मी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. त्याच्यासमोर जमिनीवर बसलो, गुडघ्याला हात लावला आणि जसं सुचलं तसं सांगितलं. तेल बघितलं नाही इथपासून. त्याने ऐकलं. हसला नाही, रडला नाही. खरं सांगतो वहिनी, त्या वेळी तो कधी नव्हे इतका जुन्या दादासारखा दिसत होता.

मी थांबल्यावर त्याने डावा हात पुढे केला आणि माझा कान धरला. असा घट्ट धरला की डोळ्यांत पाणी आलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सोळा वर्षं ह्याचीच वाट बघत होतो. म्हटलं, पिळ, हवा तेवढा पिळ. मी मान खाली घालून तसाच बसलो.

मग कानावर वजन आलं. आणखी आलं. तेव्हा लक्षात आलं की त्याला उठायचं होतं. काठी पलीकडे पडली होती आणि हाताशी यायला माझा कानच तेवढा होता.

मी हळूहळू उठलो, म्हणजे तोही उठला. पुरता उभा राहिल्यावर मी त्याला कमरेला धरलं, पण त्याने कान सोडला नाही. सोडला तर पडेन असं त्याला वाटलं असेल. की आणखी काही होतं, मी विचारलं. त्याने जे सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे. तेवढ्यात तुम्ही चहा घेऊन आलात आणि मला विचारलंत की असा बगळ्यासारखा का उभा आहेस. तुमच्याकडून पहिल्यांदाच अरेतुरे ऐकलं, आवडलं.

दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चार दिवस सुट्टी मागितली आहे. कप्तान बघतो म्हणालाय. आलो की तुम्ही दवाखान्यात जा, दादाचं मी बघेन. काय बघायचं ते अजून मला कळलेलं नाही. पण स्टुलाशेजारी बसून राहीन, हाताशी.

कान अजून लाल आहे. लोभ तर आहेच, तुम्हा दोघांचा, ज्या रूपात असेल त्या रूपात.

आपला,
धाकटा